बुडणाऱ्या पात्राचा हिशेब
बैठ्या भूमिकाखेळांसाठी दम आणि पाण्याचे नियम

सुट्टीत नागपूर-पुण्याहून गावी परतलेली मुले फासे, नकाशे आणि नियमपुस्तके घेऊन ज्या घरांत भूमिकाखेळाच्या बैठकी मांडतात, त्या घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. कथेतील पात्र तलावात पडले, तर ते किती वेळ श्वास रोखू शकेल आणि कोणत्या क्षणी ते बुडाले असे कथा चालवणाऱ्या सूत्रधाराने जाहीर करावे? प्रश्न खेळाचा आहे, हे मान्य. परंतु दिघोरी (मोठी), लाखांदूर आणि एकूणच भंडारा जिल्हा हा तलावांचा मुलूख असल्यामुळे, टेबलाभोवती पाठ झालेला आकडा उद्या पाळीवरून उडी मारताना आठवला जाण्याचा संभव येथे इतर ठिकाणांहून अधिक आहे. म्हणून आपण नियम करणार असाल तर ते निसर्गाशी प्रामाणिक असावेत, एवढ्याच हेतूने हा तपशील दिला आहे.

या खेळांपैकी सर्वांत प्रसिद्ध अशा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पहिली आवृत्ती 1974 साली निघाली. त्याच्या 2014 च्या आवृत्तीप्रमाणे पात्र एक मिनिट अधिक काटकपणाच्या गुणांइतकी मिनिटे श्वास रोखू शकते, म्हणजे +3 काटकपणाचा शिलेदार सहज चार मिनिटे पाण्याखाली लढू शकतो. ती मुदत सरली की मोजक्या फेऱ्यांत तो कोसळतो आणि पुढच्या काही फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्याएक मिनिटाच्या आत, मरूही शकतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. शिकवण नसलेला निरोगी माणूस कोरड्या जमिनीवर स्वस्थ बसून अर्धे ते दीड मिनिट श्वास रोखतो आणि झटापटीत त्याला वीस सेकंदही जड जातात. मात्र पाणी आत गेल्यापासून हृदय थांबेपर्यंत काही मिनिटांचा अवधी असतो आणि त्या अवधीत बाहेर काढलेला माणूस पुष्कळदा वाचतो. पुस्तकी नियमांत दम लांब आणि मरण झटपट. निसर्गात दम आखूड आणि मरण त्या मानाने सावकाश. आपल्या नियमांत हे माप उलटवले, की बुडण्याचा प्रसंग एकट्या पात्राच्या सहनशक्तीची परीक्षा न राहता काठावरच्या सोबत्यांचा डाव होतो, आणि माझ्या मते खेळ म्हणूनही तो अधिक सरस होतो.

आधी पाणी कोणते ते ठरवा

पाताळातील अनामिक सरोवरापेक्षा ओळखीचा मालगुजारी तलाव घ्या. गोंड राजवटीत कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले आणि 1951 साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारकडे आलेले हे ‘मामा’ (माजी मालगुजारी) तलाव सूत्रधाराला आयता नकाशा पुरवतात. एका बाजूस मातीची लांब पाळ, उरलेल्या बाजूंस हळूहळू उतरत जाणारी जमीन, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सलंग आणि शेतास पाणी सोडण्यासाठी तुडुम. पाणी सर्वांत खोल असते ते बहुधा पाळीलगत, तुडुमाच्या आसपास. नेमके तेथेच उभे राहून पोरे उड्या मारतात. नकाशावर पुढील जागा आधीच खुणावून ठेवा :

- गाळ : पाय रुतला की सोडवण्यासाठी जोराची फेक (वीस बाजूंचा फासा अधिक त्या गुणाचा आकडा, बेरीज ठरलेल्या लक्ष्याइतकी तरी व्हावी) लागते आणि त्या प्रत्येक प्रयत्नाला झटापटीचा खर्च पडतो.
- शिंगाड्याचे वेल, कमळाचे देठ, बेशरमाची झुडपे आणि मासेमारीचे जाळे : धडपड केली तर गुंता वाढतो, एक पूर्ण फेरी स्थिर राहून सोडवला तर सुटतो.
- उघडे तुडुम : त्याच्या तोंडाशी पाण्याची ओढ असते. तेथे अडकलेल्या पात्राची सुटका बाहेरून कोणी तुडुम बंद केल्याशिवाय होऊ नये.
- गाळ किंवा मुरूम उपसलेले खड्डे : गुडघाभर पाण्यातून चालणारे पात्र पुढच्याच पावलाला डोक्याइतक्या पाण्यात जाते. हा खड्डा पावसाळ्यानंतर दिसत नाही, म्हणून त्याची टेहळणी अवघड ठेवा.

दृश्य चुलबंद किंवा वैनगंगेवर असेल, तर वाहत्या पाण्यासाठी एकच नियम जोडावा. प्रवाहाच्या विरुद्ध पोहणाऱ्याचा दम दुप्पट वेगाने खर्च होतो, तर प्रवाहाबरोबर तिरपे काठाकडे जाणाऱ्याचा नेहमीच्याच दराने. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तो मध्य प्रदेशातील धरणातून सोडलेल्या पाण्याने. तेव्हा आपल्या कथेतही आकाश निरभ्र असताना नदी चढू शकते.

दम मोजण्याची कलमे

हुतूतूत चढाई करणाऱ्याचा जो दम, तेच नाव या मापालाही ठेवू. एक फेरी सहा सेकंदांची धरावी, म्हणजे दहा फेऱ्यांचे एक मिनिट होते.

1. पूर्ण श्वास घेऊन तयारीने पाण्यात जाणाऱ्या प्रौढ पात्राचा दम 8 फेऱ्या, अधिक काटकपणाच्या गुणाची दुप्पट. काटकपणा +3 असल्यास 14 फेऱ्या, म्हणजे 84 सेकंद. –1 असल्यास 6 फेऱ्या. लहान मुलाचे पात्र असल्यास एकूण दम निम्मा.
2. स्थिर राहिल्यास दर फेरीस 1 दम खर्च होतो, पोहल्यास 2, आणि लढल्यास, गुंता तोडल्यास किंवा कोणाला ओढल्यास 3.
3. अचानक पडलेल्या पात्रास निम्मा दम. ओरडत किंवा बोलत असता पडलेल्यास पाव, कारण त्याने श्वास नुकताच सोडलेला असतो.
4. पाणी फार थंड, म्हणजे सुमारे 15 अंश सेल्सियसच्या खाली असेल, तर पडताक्षणी काटकपणाची फेक, लक्ष्य 15. ती फसली तर पात्र नकळत धापकन श्वास आत घेते आणि तोंड पाण्याखाली असल्यास दम शिल्लकच राहत नाही. आपल्याकडील तलावांना हे कलम क्वचित लागू पडेल, हिमालयातील कथांना नेहमी.
5. दम शून्यावर आला की तग सुरू होते. दर फेरीस वीस बाजूंचा फासा अधिक काटकपणा, लक्ष्य प्रथम 10 आणि प्रत्येक फेरीनंतर 2 ने चढते. तग धरलेल्या पात्राला पृष्ठभागाकडे जाण्याखेरीज कोणतीही कृती करण्याची मुभा नाही. फेक फसली की पाणी आत गेले.

चढत्या लक्ष्याची कल्पना जुनी आहे. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ती होती आणि ती टाकून द्यावयास नको होती. श्वास घेण्याची अनावर निकड प्राणवायू संपल्यामुळे उत्पन्न होत नसून प्रामुख्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते. छातीखालचा पडदा आपोआप आचके देऊ लागतो, प्रत्येक आचका मागच्यापेक्षा बळकट असतो, आणि एका क्षणी इच्छाशक्ती हरते. फाशावरचे चढते लक्ष्य ही चढती निकड बरोबर दाखवते.

सरावाने हे माप पुष्कळ वाढते, हेही खरे. फ्रान्सच्या स्तेफान मिफ्स्यू या पाणबुड्याने 2009 साली पाण्यात निश्चल राहून 11 मिनिटे 35 सेकंद श्वास रोखला होता. परंतु तो वर्षानुवर्षांच्या शिक्षणाचा आणि पूर्ण निश्चलतेचा विक्रम आहे. आपल्या खेळात कोणी असे पात्र उभे केले तर त्यास पाणबुड्याचे वेगळे कौशल्य विकत घ्यावयास लावा आणि दम तिप्पट द्या. मात्र लढताना तोही तिपटीनेच खर्च होऊ द्या.

धापा टाकून उडी मारणारा खेळाडू

प्रत्येक बैठकीत एखादा हुशार खेळाडू म्हणतो, ‘उडी मारण्यापूर्वी मी वीस वेळा जोरजोराने श्वास घेतो.’ सूत्रधाराने येथे विशेष सावध राहावे, कारण ही समजूत तलावांवरच्या पोरांतही आढळते आणि ती जीवघेणी आहे. अशा धापांनी शरीरातील प्राणवायू फारसा वाढत नाही. वाढतो तो केवळ धोक्याची सूचना मिळण्याचा उशीर, कारण कार्बन डायऑक्साइड धुऊन निघाल्यामुळे निकड जाणवत नाही आणि ती जाणवण्याच्या आतच मेंदूचा प्राणवायू संपून शुद्ध हरपते. जवळच पोहणाऱ्यालाही काही कळत नाही. पाण्याखाली गेलेला मुलगा अजून खेळतोच आहे असे त्याला वाटते.

म्हणून कलम असे करा : धापा टाकल्यास दम 4 फेऱ्यांनी वाढतो, परंतु त्या क्षणापासून दमाचा हिशेब सूत्रधार आपल्या पडद्याआड ठेवतो, तगीची फेक रद्द होते आणि दम शून्यावर येताच पात्र थेट बेशुद्ध होते. खेळाडूला कोणताही इशारा देऊ नये. तो विचारू लागला तर ‘तुम्हांला अगदी बरे वाटत आहे’ एवढेच सांगावे. बुडणाऱ्यालाही तसेच वाटत असते.

याच अनुषंगाने एक विनंती आहे. आकडे पडताळून पाहण्याचा मोह झाला तर तो घरी, कोरड्या जमिनीवर, खाली बसून आणि घड्याळ लावून भागवावा. पाण्याखाली कोण अधिक वेळ राहतो अशी पैज तलावात, विहिरीत किंवा तरणतलावात लावू नये आणि लावू देऊ नये.

बुडणारा हाक मारत नाही

चित्रपटांनी आपल्या मनावर ठसवलेले दृश्य असे की बुडणारा हात उंच हलवतो, ‘वाचवा’ म्हणून टाहो फोडतो आणि तीन वेळा वर येऊन खाली जातो. पोहता न येणारा माणूस खोल पाण्यात सापडला म्हणजे प्रत्यक्षात काय दिसते, ते सूत्रधाराने एकदा नीट समजून घ्यावे. त्याचे शरीर पाण्यात उभे असते, पाय काहीच काम करीत नाहीत, डोके मागे कललेले असते, तोंड पाण्याच्या पातळीशी क्षणभर वर येऊन पुन्हा बुडते आणि दोन्ही हात बाजूंना पसरून पाण्यावर दाब देत असतात. ते हात हलवून खूण करणे त्याच्या स्वाधीनचे नसते. ज्याला श्वासच मिळत नाही त्याला हाक कोठून मारता येणार? ही अवस्था सामान्यतः वीस ते साठ सेकंद टिकते. पाळीवर कपडे धूत बसलेली माणसे पंधरा-वीस हातांवर असतात आणि त्यांच्या कानांवर काहीही पडत नाही.

खेळात याचा अंमल असा करावा :

- पोहण्याचे कौशल्य नसलेले पात्र खोल पाण्यात गेले की 3 ते 10 फेऱ्या ते पृष्ठभागावर राहते. त्या काळात त्याच्या खेळाडूला ‘मी ओरडतो’, ‘मी हात करतो’ किंवा ‘मी दोर पकडायला पुढे जातो’ असे जाहीर करता येणार नाही. दोर हाताला लागलाच तर तो पकडता येईल, इतकेच.
- काठावरच्या पात्रांनी ‘आम्ही पाण्याकडे पाहत आहोत’ असे स्वतःहून सांगितले असेल तरच त्यांना लक्षात येण्याची फेक मिळेल, लक्ष्य 15. पाहत नसतील तर फेक नाही.
- जो ओरडू शकतो तो संकटात असला तरी अजून बुडत नाही. त्याला वाचवणे सोपे, लक्ष्य 8. परंतु एक-दोन मिनिटांत तोही गप्प होईल.

पाणी आत गेल्यानंतर

येथे जीवनगुण वजा करीत बसू नका. तलवारीच्या जखमेचे माप पाण्याला लागत नाही. पुढील टप्पे वहीत मांडून ठेवा आणि पात्र पाण्याखाली गेल्यापासूनच्या फेऱ्या स्वतंत्र मोजा.

1. गुदमर. घशातील स्वरयंत्र आवळते, खोकला येतो, आणखी पाणी जाते. सहा बाजूंचा फासा टाकून त्यात 4 मिळवावे. तितक्या फेऱ्यांनी पात्र बेशुद्ध होते.
2. बेशुद्धी. श्वास थांबला, हृदय चालू आहे. 20 ते 40 फेऱ्या. या टप्प्यावर बाहेर काढून तोंडाने श्वास दिल्यास सावरण्याचे लक्ष्य केवळ 5.
3. हृदय बंद. आता श्वास आणि छातीवरचे दाब दोन्ही लागतात. एकूण पाण्याखालचा काळ पाच मिनिटांच्या आत असल्यास लक्ष्य 8, पाच ते दहा मिनिटे असल्यास 16, त्यापुढे फाशावर 20 च पडावे लागतील. दर दोन मिनिटांच्या प्रयत्नामागे एक फेक द्यावी.

जागतिक आरोग्य संघटना बुडण्याची व्याख्याच मुळी द्रवात सापडल्यामुळे श्वसनास अडथळा होण्याची क्रिया अशी करते. मरण हा तिचा एक संभाव्य निकाल, वाचणे हा दुसरा आणि कायमचे अपंगत्व घेऊन वाचणे हा तिसरा. या तिन्ही निकालांना आपल्या नियमांत जागा असावी.

वाचवणाऱ्यांचा डाव

या प्रसंगाचा खरा रंग येथे आहे, आणि सूत्रधाराने आपला बहुतेक वेळ येथेच खर्चावा. काठावरील पात्रांपुढे पर्याय पुढील क्रमाने ठेवा आणि खालचा पर्याय वरच्यापेक्षा अधिक जोखमीचा करा : काठावर पालथे पडून हात किंवा बांबू देणे, दोर, धोतर, साडी, बूच लावलेला रिकामा डबा किंवा हवा भरलेली ट्यूब फेकणे, ढिवर मासेमारांचा डोंगा नेणे, आणि सर्वांत शेवटी स्वतः उडी घेणे. ऑगस्ट 2020 मध्ये तामिळनाडूतील पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडू लागले असता काठावरच्या तीन स्त्रियांनी अंगावरच्या साड्या सोडून त्यांकडे फेकल्या आणि दोघांना ओढून काढले. भिडस्तपणाने एक क्षण थांबल्या असत्या तर तेही गेले असते. आपल्या खेळाडूंनी पिशवीत दोर आणला नसेल, तर काय सोडता येईल याचा विचार त्यांना करू द्या.

उडी घेणाऱ्या पात्राला बुडणारा मिठी मारतो आणि त्याच्या खांद्यांवर चढू पाहतो. ही कुस्तीची फेक आहे, तीत बुडणाऱ्याला +5 द्यावे. त्याचे बळ भीतीचे असते. मिठीत सापडलेल्याने वर येण्याची धडपड केली तर दोघेही जातात. त्याने उलट खाली बुडी मारली तर बुडणारा बहुधा हात सोडतो, कारण त्याला पाण्याबाहेर राहावयाचे असते. हा उपाय ज्या खेळाडूला सुचेल त्याला फेक न लावता सुटका द्यावी.

पात्र काठावर आले म्हणजे प्रसंग संपत नाही. प्रथम तोंडाने पाच श्वास, नंतर छातीच्या मध्यभागी तीस दाब आणि दोन श्वास, हे चक्र चालू ठेवावयाचे असते. कथा आजच्या काळातली असेल तर त्याच वेळी दुसऱ्याने 108 वर रुग्णवाहिका बोलवावयाची. श्वास चालू झाल्यास पात्राला कुशीवर वळवावे. शुद्धीवर आल्यावरही त्याला दवाखान्यात न नेल्यास, काही तासांनी धाप लागून प्रकृती बिघडण्याची एक फेक सूत्रधाराने राखून ठेवावी.

हमखास होणाऱ्या चुका

- पोट दाबून किंवा पायांना धरून उलटे टांगून ‘पाणी काढणे’. याने फुप्फुसातील पाणी निघत नाही, पोटातील अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते आणि मोलाचा वेळ जातो. गावागावांत ही रीत अजून आहे. खेळात तिला दहा फेऱ्यांचा दंड ठेवा, म्हणजे ती स्मरणात राहील.
- तोंडाशी आलेला फेस पुसत बसणे. तो येतच राहतो. त्यावरूनच श्वास द्यावा.
- ओले कपडे पात्राला तळाशी खेचतात असे धरणे. पाण्यात ओल्या कापडाला जवळजवळ वजन नसते. ते हालचाल जड करते, साडी पायांत गुंतते आणि बाहेर पडताना सगळे वजन एकदम जाणवते. तळाशी नेते ते लोखंडी चिलखत, आणि ते उतरवण्यास लागणाऱ्या फेऱ्या आधीच ठरवून ठेवाव्यात.
- पट्टीचा पोहणारा बुडत नाही असे मानणे. त्याला पृष्ठभागावरची बंधने माफ करा, परंतु गाळ, वेल, धापा आणि उघडे तुडुम यांतून माफी देऊ नका.

बैठकीतील प्रत्येकाचे हक्क

पाण्याचे नियम कठोर केले की काही गोष्टी आरंभीच कबूल कराव्या लागतात. पात्र पाण्यात उतरण्यापूर्वी ही सारी कलमे ऐकण्याचा हक्क प्रत्येक खेळाडूला आहे. पडल्यानंतर कलम काढून दाखवणे हा अन्याय होय. ज्याचे पात्र बेशुद्ध आहे त्याला वाट पाहत बसवू नये. काठावरच्या एखाद्या ढिवराची किंवा पाळीवरच्या पोराची भूमिका त्या वेळेपुरती त्याच्या हाती द्यावी.

आणि जो हक्क मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो असा. तलावांच्या या मुलखात बैठकीला बसलेल्या एखाद्याच्या घरचे माणूस पाण्यात गेलेले असू शकते आणि तो ते बोलून दाखवीलच असे नाही. म्हणून खेळ सुरू करताना सूत्रधाराने सर्वांना सांगून ठेवावे की कोणीही, कारण न देता, ‘पाणी नको’ एवढे म्हणू शकतो. तसे कोणी म्हटले की फासे थांबवावेत, पात्र काठाला लागले असे एका वाक्यात सांगावे आणि कथा कोरड्या जमिनीवरून पुढे न्यावी. त्याबद्दल कोणी विचारणा करू नये, त्या बैठकीत तलावाचे दृश्य पुन्हा आणू नये, आणि दहा-बारा वर्षांखालील मुले खेळत असतील तर गुदमरीपासूनचे टप्पे मुळातच वगळून दमाची आणि दोर फेकण्याची कलमे तेवढी वापरावीत.